काकू, एक विचारू? : या अंकात दोऱ्याची भानगड

मागच्या अंकात मी भरल्या कारल्यांची कृती दिली आणि शेवटी अर्ध्या ओळीत लिहून मोकळी झाले, 'कारली दोऱ्याने बांधून घ्या'. कोणता दोरा, किती, कसा, काही नाही. आम्हा जुन्या बायकांची ही खोडच आहे. हाताला सवयीचं असलेलं तोंडाने सांगायचं राहून जातं. त्या अर्ध्या ओळीपायी पत्रांचा गठ्ठा आलाय. बाकीचे प्रश्न म्हणून पुढच्या अंकात. संत्र्याच्या सालीचं लोणचं विचारणाऱ्या काटोलच्या ताई, जरा थांबा.

काकू, तुमच्या कृतीने कारली केली. घरात शिलाई मशीनचा हिरवा दोरा होता. म्हटलं, कारल्याच्या रंगात मिसळून जाईल. तर तो कढईला चिकटला आणि दोन-तीन ठिकाणी वितळून कारल्यात रुतून बसला. सोडवता सोडवता भाजीचा लगदा झाला. नवरा म्हणतो, 'दोरा भरलेली कारली मस्त झालीत.' नेमका कोणता दोरा घ्यायचा?
— एक वाचक, मानेवाडा

नवऱ्याला पुढच्या वेळी बांधायला बसवा, म्हणजे बोलणं कमी होईल.

तुमची चूक एवढीच, की दोरा म्हणजे सूत असं गृहीत धरलंत. मशीनच्या रिळावर हल्ली बहुतेक पॉलिस्टरच असतं. ते साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. नायलॉनचा एक प्रकार तर २२० च्या आसपासच हार मानतो. तुम्ही म्हणाल, तळणीचं तेल १८० च्या आगेमागे असतं, मग वितळेल कसा? तळणीत नसता वितळला. पण कारली थोड्या तेलावर झाकण ठेवून होतात. मसाला बुडाला लागतो, तेल सरकून कढईचं बूड कोरडं पडतं आणि त्या जागी पत्रा तेलापेक्षा कितीतरी जास्त तापतो. शिवाय वितळायच्या आधीच हा दोरा मऊ पडून चिकटायला लागतो. वर तुमचा हिरवा रंग. तो कापडासाठी केलेला, पोटासाठी नाही.

घ्यायचा तो साधा पांढरा सुती दोरा. रंग नको, मेण नको, चकाकी नको. आपल्या नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत दोरे-सुतळ्या विकणारी दुकानं आहेत, तिथे गुंडी मिळते. 'सुती द्या' म्हटलं की दुकानदार न बघताच 'सुतीच आहे ताई' म्हणतो. त्याच्याशी वाद घालू नका. घरी या आणि काडी लावा.

वीतभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली सिंक असू द्यायचं, आणि टोकाला ज्योत दाखवायची. सूत असेल तर ते कागदासारखं भुरुभुरु पेटतं. फुंकर मारून विझवलं तरी टोकाला लाल ठिणगी थोडा वेळ रेंगाळते, वास वही जाळल्यासारखा येतो, आणि राख बोटांत धरली की तिचं करडं पीठ होतं. पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर दोरा ज्योतीपासून अंग चोरतो, आखडतो, त्याचा थेंब होतो आणि गार झाल्यावर त्या थेंबाचा कडक मणी बनतो. मिसळीचा दोरा सगळ्यात लबाड. जळतो सुतासारखा, पण राख चोळली की आत खडे लागतात. मणी लागो की खडा, तो दोरा जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी बांधायला ठेवायचा.

जाडी शिजलेल्या शेवईएवढी. त्याहून बारीक असला तर शिजून मऊ झालेल्या कारल्याला सुरीसारखा कापत जातो.

आता बांधणं. मसाला भरताना चीर पूर्ण मिटेल इतकीच जागा भरायची. दाण्याचा कूट आणि बेसन, दोन्ही रस पिऊन फुगतात. ठासून भरलेलं कारलं दोरा असला तरी फुटतं. दोरा दोन वीत घ्या. त्याचं एक टोक देठाकडे अंगठ्याखाली दाबून धरा. दोरा त्या टोकावरूनच एकदा फिरवा, म्हणजे ते आपोआप अडकतं. मग कारलं फिरवत शेंड्यापर्यंत चार-पाच वेढे. दोरा कारल्याला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. शेवटचं टोक शेवटच्या वेढ्याखालून ओढून बोटभर बाहेर सोडायचं. गाठ मारायची नाही! हीच गोष्ट मी मागच्या वेळी सांगायला हवी होती. गाठ तेलात आणि मसाल्यात दगडासारखी होते, मग कात्री आणा, सुरी आणा, आणि कारल्याचे धिंडवडे काढा. बिनगाठीचं टोक चिमटीत धरून ओढलं की अख्खा दोरा एका झटक्यात उलगडतो आणि कारलं जसंच्या तसं ताटात राहतं.

वटपौर्णिमेच्या पूजेला आणलेली सुताची गुंडी अर्धी उरली आहे. ती चालेल का? आणि पूजेतला लाल-पिवळा नाडा?
— महाल

वडाला गुंडाळलेलं नाही ना? मग चालेल. ते कच्चं सूत आहे, पीळ कमी, एकेरी घेतलं तर ओढताच तुटेल आणि तूस सोडेल. तीन-चार पदर एकत्र घेऊन मांडीवर वळा, वाती वळता तसं. काडीची परीक्षा त्यालाही. नाडा अजिबात नको. त्याचा रंग हाताला लागतो, तो रश्शाला लागणार नाही का?

एका कृतीत दोरा पाण्यात भिजवून घ्या लिहिलेलं असतं, दुसरीत कोरडाच वापरा. खरं काय?
— त्रिमूर्तीनगर

दोन्ही खरं. मला हा प्रश्न फार आवडला, कारण याचं उत्तर मी शाळेत गृहविज्ञान शिकवण्याच्या कितीतरी आधी घरी शिकले.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी जुम्मा तलावाकाठी होती. आता त्या तलावाला गांधीसागर म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, हवा अशी कोरडी की ओला टॉवेल पाच मिनिटांत पापड होतो. आम्ही घरी वाळ्याच्या ताट्या भिजवत बसायचो आणि बाबा म्हणायचे, 'आमच्या खात्यातही पाणीच फवारून राहिलेत, पण माणसांसाठी नाही, सुतासाठी.' कोरड्या हवेत सूत सटासट तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. कापसाच्या धाग्याचं हे वैशिष्ट्यच आहे की ओला झाल्यावर तो कमजोर होत नाही, उलट जास्त ताण सोसतो. बाबा मला दोन तुकडे द्यायचे, एक कोरडा, एक जिभेने ओला केलेला, आणि म्हणायचे, 'तोड.' कोरडा आधी तुटायचा. ओल्याने बोटाला वळ यायचा.

तेव्हा वाफवायचं, उकडायचं किंवा ओव्हनमध्ये भाजायचं असेल तर दोरा दहा मिनिटं पाण्यात ठेवून, पिळून वापरा. मजबूत राहतो, कोरड्या धगीत लवकर करपत नाही. ओल्यावर गाठही घट्ट बसते. पण तेलात टाकायचं असेल तर ओला दोरा अजिबात नको. गरम तेलात पाणी गेलं की काय होतं ते तुमच्या मनगटावरचे जुने डाग सांगतील. कारल्यांसाठी दोरा कोरडा घ्यायचा आणि तेलाच्या बोटाने पुसून घ्यायचा. मग तो सालीला चिकटत नाही.

धोप्याच्या पानांच्या वड्या करते. वाफवताना उंडे सुटतात आणि कापताना बेसन एकीकडे, पान दुसरीकडे. दोरा बांधून सुधारेल का?
— रेशीमबाग

(पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी: धोपा म्हणजे तुमचा अळू.)

थोडं सुधारेल, सगळं नाही. उंडा सुटतो तो बहुधा बेसन पातळ झाल्यामुळे. पीठ उलट्या हाताने सारवता येईल इतकं घट्ट हवं, पानाच्या शिरा लाटण्याने चेपलेल्या हव्यात. एवढं केलं तर दोऱ्याचं काम फक्त पाठीवर हात ठेवण्याएवढं उरतं. भिजवलेला दोरा, उंड्याला तीन ठिकाणी, सैलसर. इथे गाठ चालेल, कारण उंडा तळायच्या आधीच दोरा काढायचाय. वीस-पंचवीस मिनिटं वाफवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम उंडा कापणाऱ्याला कोणताच दोरा वाचवू शकत नाही.

आणि कापायलाही दोराच वापरून बघा. सुरी वरून दाबते, म्हणून थर सरकतात. त्याऐवजी हातभर दोरा उंड्याखाली घाला, दोन्ही टोकं वर आणून कातरीसारखी एकमेकांवरून आडवी घ्या आणि सरळ ओढा. चहूबाजूंनी एकाच वेळी कापलं जातं, वडी गोल राहते. उकडलेलं अंडं, मऊ पनीर, केकचे दोन थर, सगळ्याला हीच युक्ती.

आता एक कबुली. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी याच वड्या केल्या होत्या. आठ उंडे. घरात पन्नास पानं उठायची होती. पुरणाचा घाट, कढी, सोळा भाज्या, आणि मी घाईत दोरे सोडत होते. पंगतीत सासरे जेवता जेवता थांबले. त्यांनी तोंडातून हळूच काहीतरी ओढलं. ओढतच राहिले. वीतभर पांढरा दोरा! पंगत गप्प. सासरे म्हणाले, 'सूनबाई, ही वडी शिवलेली आहे की विणलेली?' सगळे हसले, मीही हसले, आणि मागे जाऊन रडले. हसण्यावारी गेलं ते सासऱ्यांच्या स्वभावामुळे. एखाद्या लहान पोराच्या घशात अडकला असता तर?

तेव्हापासून माझ्या ओट्यावर नियम आहे. दोरे आधीच एका मापाचे कापायचे, मोजायचे आणि आकडा खडूने ओट्याच्या कडेला लिहायचा. आठ उंडे, प्रत्येकी तीन, म्हणजे २४. सोडलेला प्रत्येक दोरा एका वाटीत. वाटीत २४ झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही. २३ झाले तर पाहुणे थांबतील, जावई थांबतील. सूनबाई मला 'मुनीमजी' म्हणते, म्हणू दे.

मुलाच्या वाढदिवसाला ओटीजीत अख्खी कोंबडी भाजायची आहे. (आमच्याकडे श्रावण नसतो, काकू.) व्हिडिओत तिला दोऱ्याने पार जखडून टाकतात. गरज असते का?
— सदर

श्रावणाचं मी काही विचारलं नव्हतं, निवांत भाजा.

जखडण्याचं कारण सांगतात ते असं, की पाय-पंख अंगाशी राहिले तर टोकं करपत नाहीत आणि पक्षी सुबक दिसतो. सुबक दिसतो हे खरं. पण माझं मत वेगळं आहे. कोंबडीत सगळ्यात उशिरा शिजते ती मांडी, तीही अंगाला चिकटलेली आतली बाजू. तुम्ही तीच बाजू दोऱ्याने आवळून बंद केलीत तर धग तिथे पोचायला जास्त वेळ लागतो आणि तोवर छातीचं मांस कोरडं होतं. म्हणून मी फक्त दोन तंगड्यांची टोकं सैल बांधते, आणि पंखांची टोकं मुडपून पाठीखाली सरकवते. तिथे दोरा लागतच नाही.

पोटात सारण भरणार असाल तर मात्र तोंड बंद करायला दोरा हवा. त्यासाठी पहिल्या गाठीत दोऱ्याची टोकं एकाऐवजी दोनदा एकमेकांत फिरवा. डॉक्टर टाक्याला मारतात तशी ही गाठ आहे, दुसरी मारेपर्यंत पहिली सुटत नाही. निसरड्या कोंबडीशी एकट्याने झुंजताना हिच्यासारखा आधार नाही. पण खरं सांगू? सारण वेगळ्या भांड्यात शिजवा. मांडीचा सगळ्यात जाड भाग ७४ अंशांपर्यंत पोचला की कोंबडी सुरक्षित. सारण आत असेल तर तेही मधोमध ७४ ला पोचावं लागतं, आणि तोवर बाहेरच्याचा भुगा झालेला असतो.

दोरा भिजवून घ्या आणि त्याची टोकं आखूड कापा. लोंबणारं टोक ओटीजीच्या लाल कांडीला टेकलं की पेटतं. सूत वितळत नाही, पण जळतं तर नक्कीच.

सावजी मटण करते तेव्हा लवंग, मिरी, विलायची दाताखाली येते, मुलं कुरकुरतात. मसाला पुरचुंडीत बांधून सोडला तर?
— वर्धमाननगर

मग ते सावजी राहणार नाही, बाई. सावजीत खडा मसाला दाताखाली यायचं कारणच नाही. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, धने, सगळं भाजून पाट्यावर गंधासारखं वाटायचं असतं, तेव्हा ती काळपट तर्री येते. तुमचं वाटण जाडं राहतंय. मिक्सरला आणखी पाच मिनिटं द्या. आणि गंमत बघा, सावजी हे मूळचं हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं खाणं. दिवसभर ज्यांच्या हातात सूत, त्यांनी मसाल्याला मात्र दोरा लावला नाही.

पुलावाच्या पाण्याला किंवा पायाच्या सुपाला पुरचुंडी चांगली. मलमलचा तुकडा आधी उकळून घ्या, नाहीतर कापडाची खळ सुपात उतरेल. मसाला अर्ध्याहून कमी भरा, आत पाणी खेळलं पाहिजे. तोंड बांधताना दोरा हातभर लांब ठेवा आणि त्याचं टोक गंजाच्या (म्हणजे पातेल्याच्या) कानाला बांधून टाका, गॅसच्या ज्योतीपासून लांब. विहिरीतून बादली काढावी तशी पुरचुंडी वर येते, सराट्याने ढवळत शोधावी लागत नाही.

होस्टेलवर कोबीच्या पानांचे रोल केले. दोरा नव्हता म्हणून रबरबँड लावले. खोलीभर टायर जाळल्याचा वास. आता मित्र म्हणतो मांजा वापर, संक्रांतीचा पडून आहे.
— एक विद्यार्थी, धंतोली

अरे पोट्ट्या! रबर नाही, स्टेपलरची पिन नाही, सुतळी नाही (तिचे केस जेवणात गळतात, आणि ताग कातताना त्याला बरेचदा खनिज तेल लावतात), आणि मांजा तर नाहीच नाही. मांज्यावर काचेची पूड असते, बाळा. आणि नायलॉनचा असेल तर तो बाळगायलाच बंदी आहे. 'ओ काट' गच्चीवर ओरडायचं, जेवताना नाही.

काहीच नसेल तर रोलची मिटलेली बाजू खाली ठेव, सगळे एकमेकांना खेटून बसव, वर एक ताटली उपडी घाल. जागाच नसेल तर सुटणार कुठे? नाहीतर कांद्याची पात गरम पाण्यात बुडवून काढ आणि तिने बांध. ती मोजायची भानगड नाही, खाऊनच टाकायची.

वापरलेला सुती दोरा धुऊन पुन्हा वापरावा का? माझ्या आजी वापरायच्या.
— गोकुळपेठ

माझीही. वाण्याकडून साखरेचा पुडा आला की त्याचा दोरा सोडून ती एका गुंडाळीला जोडायची. ती गुंडाळी लिंबाएवढी होती ती माझ्या दहावीपर्यंत नारळाएवढी झाली. पण ती पुड्याच्या कोऱ्या दोऱ्याची काटकसर होती. तेल आणि मसाला प्यालेला दोरा कितीही धुतला तरी चार दिवसांनी खवट वास मारतो, आणि मटणाला-कोंबडीला बांधलेला तर धुवायचा विचारही करू नका. मी भाजीचा दोरा धुऊन मोगऱ्याच्या कुंडीत पुरते. सूतच ते, मातीत कुजून जातं.

गेल्या आठवड्यात मोगऱ्याची माती बदलली. मागच्या महालक्ष्म्यांचे २४ दोरे त्याच कुंडीत गेले होते. मुळांत गुंतलेले सगळेच्या सगळे निघाले, मळलेले, पण धडधाकट. एक धुऊन काडी लावली. राख चोळली तर बोटांना खडे लागले. त्या वेळी दुकानदार 'सुतीच आहे ताई' म्हणाला होता, आणि सणाच्या घाईत मीच काडी लावायला विसरले होते.